वाचकांचे प्रश्न : रान साफ करायचं की ठेवायचं?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की कोकणात आणि घाटमाथ्यावर ज्यांच्या मालकीचं रान आहे, म्हणजे बाग नव्हे, शेत नव्हे, नुसती झाडी असलेली जमीन, त्यांनी आपले प्रश्न पाठवा. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून खूप आले. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते निवडलेत. एक शब्द जवळपास प्रत्येक पत्रात आहे, "साफ". रान साफ करायचंय, साफ करून घेतलं, साफ न केल्यामुळे लोक बोलतात. त्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

ताई, आमची संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित चार-साडेचार एकर जमीन आहे, आजोबांनंतर कोणी लक्ष दिलं नाही त्यामुळे पूर्ण रान माजलंय. आम्ही सगळे मुंबईत. आता मी रिटायर होऊन गावी आलोय. मला प्राणी-पक्षी राहावेत असं मनापासून वाटतं, पण गावातले सगळे म्हणतात आधी खालची झुडपं काढून टाका, मोठी झाडं ठेवा, म्हणजे साप पण येणार नाहीत आणि दिसायला पण बरं दिसेल. काय करू?

दादा, पहिलं म्हणजे एक वर्ष काहीच करू नका. खरंच. चारही ऋतू त्या जागेत फिरा, काय कुठे उगवतं, पाणी कुठून वाहतं, कोणत्या झाडावर कधी पक्षी जमतात ते बघा, वहीत लिहून ठेवा. "माजलंय" म्हणताना आपण जे बघतो ना, त्यातलं अर्धं म्हणजे पुढच्या पिढीची झाडं असतात. ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, हिरडा यांची रोपं आधी काही वर्षं कमरेएवढीच असतात, करवंदीच्या जाळीत, मुरुडशेंगेच्या आडोशाला वाढतात, आणि कोयता घेऊन आलेल्या माणसाला ती नुसती झुडपंच दिसतात. खालचं सगळं छाटून वरची मोठी झाडं ठेवली की पाच-दहा वर्षं छान सावली वाटते, पण ती झाडं म्हातारी झाली की त्यांच्या जागी यायला खाली कोणीच नसतं, आणि तोवर तिथे काय शिरलेलं असतं ते पुढच्या प्रश्नात सांगतेच.

दुसरं म्हणजे खालच्या थरातच जास्त वस्ती असते. करवंद, आटक, तोरण, अंजनी, उक्षीचे वेल, या गचपणात रानकोंबडी लपते, भेकर दिवसा बसून राहतं, साळींदराची ये-जा असते. जमिनीवरचा पातेरा (गळलेला वाळका पाला) उचलला की खालचे गोगलगायी, गांडुळं, वाळवी, बुरशी सगळं उघडं पडतं आणि उन्हात सुकतं, मग खवले मांजर येणार कशाला, त्याचं तर सगळं पोट मुंग्या आणि वाळवीवर.

सापाचं म्हणाल तर घराभोवती दहा-पंधरा पावलं मोकळी ठेवा, तिथे लाकडाचे ढीग, कौलं, विटा रचू नका, रात्री बॅटरी घेऊन चाला. चार एकर तासून साप जात नाहीत, उंदीर जिथे असतील तिथे ते येणारच, आणि रानातला साप घरात येतो तो बहुतेक वेळा घरातल्या उंदरामागे. एक पायवाट ठेवा, शक्यतो जनावरांचीच जुनी वाट वापरा, तेवढी पुरे.

आणि कधी ना कधी मजूर लावावे लागलेच, समजा वाटेसाठी, तर आदल्या दिवशी स्वतः आत जा आणि ठेवायच्या प्रत्येक रोपाला लाल चिंधी बांधा. गुडघ्याएवढ्या रोपालासुद्धा. चांदाड्याचं रोप लोक हमखास तोडतात, पान मोठं गोल आणि देठ कडेला नाही तर पानाच्या आतल्या बाजूला जोडलेला, त्यावरून लगेच ओळखू येतं. इमारती लाकूड नाही म्हणून त्याला किंमत नाही, पण उघड्या पडलेल्या जागेवर पहिली सावली तेच करतं आणि त्या सावलीत बाकीची मोठी होतात. त्यालाही चिंधी बांधा.

आमच्या रानात रानमोडी आणि घाणेरी इतकी झालीय की आत शिरता येत नाही. दरवर्षी तोडतो, दरवर्षी दुप्पट येते. कोणी म्हणतं औषध मारा, कोणी म्हणतं पेटवून द्या. (लांजा तालुका)

दोन्ही नको. आणि दोघींना एकच उपाय पण नाही, दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या असल्या तरी वागणं वेगळं आहे.

आधी घाणेरी, म्हणजे टणटणी. ती वरून कापली की बुंध्यातून जास्त फांद्या फुटतात, म्हणून तुमची दुप्पट होते. तिचा जीव जमिनीच्या लगेच खाली, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं त्या गाठीत असतो. दिल्लीचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी यावर काम करून जी पद्धत सांगितली ती साधी आहे: पावसाने माती मऊ झाली की कुदळीने बुंध्याशी माती बाजूला करायची, जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आकाशाकडे, म्हणजे फांद्या मातीला टेकून परत रुजत नाहीत. सगळं खणून काढायची गरज नाही, खणलं की माती हलते आणि खालचं बी वर येतं. पेटवलं तर वरचं जळतं, गाठ तशीच राहते, आणि आजूबाजूची स्पर्धा मेल्यामुळे तिला रान मोकळं मिळतं. फळं काळी व्हायच्या आधी काढा, कारण बुलबुल ती खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याखाली बी पडतं. म्हणून दर पावसाळ्यात मोठ्या झाडांच्या खाली एक चक्कर मारायची आणि वीतभर रोपं हाताने उपटायची, निदान तीन वर्षं, त्याशिवाय पहिल्या वर्षीची मेहनत फुकट जाते.

रानमोडीचं बी वाऱ्याने उडतं. पावसात वाढते, थंडीत फुलते, मग पांढरी म्हातारी उडायला लागते. म्हणजे तिला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गाठायचं, ओल असताना मुळासकट सहज उपटते. फुलल्यावर तोडली तर तुम्हीच बी पसरवता. आणि तिची कमजोरी म्हणजे सावली. वर झाडी दाट झाली की रानमोडी आपोआप मागे हटते. त्यामुळे जिथे आधीच थोडी सावली आहे त्या चांगल्या तुकड्याच्या कडेपासून काम सुरू करा आणि हळूहळू वाईट भागाकडे सरका, उलटं नको. लोक नेहमी सगळ्यात वाईट जागेपासून सुरुवात करतात, दमतात आणि सोडून देतात.

एका दमात सगळं उघडं करू नका हे पण महत्त्वाचं आहे. घाणेरीच्या जाळीत आत्ता पक्षी घरटी करतात, ससे लपतात, त्यांना दुसरा आडोसा तयार होईपर्यंत थोडं थोडं काढा. रानमोडीवर टायगर आणि क्रो जातीच्या फुलपाखरांचे नर गर्दी करतात, त्यांना तिच्यातलं रसायन लागतं, तेच आपल्या खुळखुळा नावाच्या रानझुडपात पण असतं, म्हणून मोकळ्या झालेल्या जागेत खुळखुळ्याचं बी टाका, धायटी आणि करवंद लावा. औषधाबद्दल एवढंच, उतारावर फवारलेलं तणनाशक पहिल्या सरीबरोबर पऱ्यात (ओढ्यात) जातं, आणि काही फवाऱ्यांत पानाला चिकटावं म्हणून जे साबणासारखं मिसळलेलं असतं तेच बेडकांच्या पिल्लांना मारतं. कुदळ चालवा.

ताई, एक मोठा बेहडा आहे, अर्धा वठलेला, वर एक ढोली पण आहे. लाकूडवाला मागे लागलाय, म्हणतो असाही पडणार आहे. देऊन टाकू का?

नाही, प्लीज नको. हाच प्रश्न वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, कारण मालकीच्या रानांत सगळ्यात आधी जातात ती अशीच झाडं.

ढोली असलेलं मोठं झाड बनायला आपलं अख्खं आयुष्य कमी पडतं. धनेशाला (तुमच्याकडे गरुड म्हणत असतील, ककणेर म्हणत असतील) स्वतः ढोली कोरता येत नाही, चोच कितीही मोठी असली तरी. त्याला तयार ढोली लागते, आणि एवढा मोठा पक्षी मावेल अशी ढोली बेहडा, सातवीण, आंबा अशा जुन्या झाडांनाच असते. साधारण जानेवारी-फेब्रुवारीनंतर मादी आत जाते आणि विष्ठा, अन्नाचे अवशेष वापरून दार लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी उभी फट ठेवते. मग एप्रिल-मेपर्यंत तिचं आणि पिल्लाचं सगळं पोट नराच्या खेपांवर. त्या काळात नराला काही झालं किंवा झाड पाडलं तर अख्खं कुटुंब गेलं.

तुमच्या बेहड्याखाली जाऊन बघा. बुंध्याशी एका ठरावीक जागी काजऱ्याच्या, वड-उंबराच्या, जंगली जायफळाच्या बियांचा सडा पडलेला असेल, बाजूला त्याच बियांची रोपं उगवलेली असतील आणि वर ढोलीच्या कडेला मातकट लेप दिसत असेल तर तिथे घरटं आहे किंवा होतं. जोडी त्याच ढोलीत पुन्हा पुन्हा येते. असं असेल तर डिसेंबर ते मे त्या भागात मजूर, करवत, पाहुणे, कोणी नको.

धनेश नसला तरी अर्धवट वठलेल्या लाकडाला गिऱ्हाईकं खूप आहेत, तांबट आणि सुतारपक्षी मऊ झालेल्या फांदीत भोक पाडतात, ते सोडून गेले की त्यात दयाळ, मैना, पोपट, पिंगळा राहायला येतात. पडलेलं लाकूड पण तिथेच कुजू द्या. फांदी घरावर किंवा वाटेवर पडण्याची भीती असेल तर फक्त तेवढा धोक्याचा भाग उतरवा आणि दहा-बारा फुटांचं खोड उभं ठेवा.

आणि कायदा पण लक्षात असू दे. महाराष्ट्रात १९६४ चा झाडं तोडण्यावर नियंत्रणाचा कायदा आहे, त्यातल्या यादीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडं आहेत, ती स्वतःच्या जमिनीतली, वठलेली असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. बेहडा यादीत नाही म्हणून लाकूडवाला सांगेल काही नाही होत. पण एकदा ट्रक आत आला की तो एका झाडावर थांबत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

एक संस्था आमच्या सड्यावर हजार झाडं फुकट लावून द्यायला तयार आहे. सडा असाही ओसाडच आहे. हो म्हणू ना?

सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, नाही म्हणा. सडा मे महिन्यात बघितला तर ओसाड वाटणारच, तोच जुलै ते सप्टेंबरमध्ये गुडघे टेकून बघा. कातळावर बोटभर मातीत कीटक खाऊन जगणारी सीतेची आसवं, गेंदासारखी पांढरी फुलं, पाणी साचलेल्या खळग्यांत बेडूक, आणि दीपकाडी (कोकणची), जी जगात फक्त याच पट्ट्यात सापडते. खड्डे मारून, बाहेरची माती भरून तिथे झाडं लावली की हे सगळं जातं आणि झाडंही बहुतेक मरतात, जगली तर ऑस्ट्रेलियन बाभूळ जगते. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं ते तिथल्या झाडांमुळे नव्हे.

रानात रिकामी झालेली जागा असेल तर तिथे लावा, पण आधी दोन पावसाळे बघा आपोआप काय येतं, कारण आजूबाजूला जुनी झाडं असतील तर पक्षी, वटवाघळं आणि उदमांजरं तुमच्यापेक्षा चांगली लावणी करतात. भेरली माडाच्या बिया खडकावर ढिगाने पडलेल्या दिसल्या तर ते कांडेचोराचं काम. जे येत नाही तेवढंच लावायचं, बी आपल्याच पंचक्रोशीतलं.

एक गोष्ट मात्र आवर्जून लावा, वडाच्या कुळातली झाडं: वड, उंबर, पायर, नांदरूक. ही सगळी एका वेळी फळत नाहीत, एका जातीची दोन झाडं पण वेगवेगळ्या महिन्यांत फळतात, त्यामुळे बाकी रानात खायला काही नसतं तेव्हा हरियल, धनेश, शेकरू, वानरं याच फळांवर निभावतात. वड, नांदरूक यांच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला रोवल्या तर रुजतात. काटेसावर पण ठेवा, जानेवारी-फेब्रुवारीत तिच्या लाल फुलांवर अख्खं पक्षिसंमेलन भरतं. आणि कुंपणाशी एखादं माकडलिंबू, कारण आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं.

आधीच आकेशिया (ऑस्ट्रेलियन बाभूळ) किंवा सुबाभूळ असेल तर एकदम तोडू नका, दरवर्षी थोडी विरळ करा, खाली देशी रोपं वर यायला लागतील तसतशी.

रानडुकरांनी खालच्या शेताची वाट लावलीय. शेजाऱ्याने कुंपणाच्या तारेत करंट सोडलाय, मला पण तेच सांगतो. (राजापूर तालुका)

नका करू. थेट लाइनचा करंट तारेत सोडणं हा गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली पण आणि विजेच्या कायद्याखाली पण, आणि जमीन तुमची असल्याने काही फरक पडत नाही. त्या तारेला डुक्कर ओळखता येत नाही. बिबट्या, गवा, खवले मांजर, तुमचा स्वतःचा गडी, पहाटे सुरंगी वेचायला जाणारी बाई, जो शिवेल तो मरतो. वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट एकमधला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेला प्राणी मेला तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. शेजाऱ्याला पण समजवा, ऐकला नाही तर महावितरणला आणि वनखात्याला कळवा, संबंध बिघडतील म्हणून गप्प बसू नका.

शेतापुरता अडथळा करायचा असेल तर क्षणभराचा, जीव न घेणारा झटका देणारं, परवानगी असलेलं सौर कुंपण, तेही फक्त पिकाभोवती आणि पिकापुरतं, अख्ख्या रानाला नाही. नुकसान झालं की लगेच पंचनामा मागा, फोटो काढा, वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या, उशीर झाला की अर्ज अडकतो.

रानाच्या हद्दीला जुना दगडी गडगा असेल तर त्यासारखं कुंपण नाही. सिमेंट न लावता नुसते चिरे किंवा दगड रचलेला, त्याच्या फटींत सरडे, पाली, बेडूक, विंचू, साप सगळे राहतात, आणि भेकर तो उडी मारून ओलांडतं. ढासळला तर परत रचून घ्या, सिमेंट नको. जाळी लावलीच तर खालून फूटभर जागा सोडा. काटेरी तारेत घुबडं आणि वटवाघळं अडकतात, तिच्याऐवजी निर्गुडी, सागरगोटा, निवडुंगाची जिवंत वई करा.

दरवर्षी मार्चमध्ये कुठून तरी वणवा येतो आणि आमचा भाग जळून जातो. आपण एकटे काय करणार?

एकट्याने अर्धं होतं, अर्धं शेजाऱ्यांबरोबर. डिसेंबर-जानेवारीत, गवत पूर्ण वाळायच्या आत, हद्दीने दहा-पंधरा फुटांची जाळरेषा काढा. गवत कापायचं आणि पातेरा झाडून आतल्या बाजूला रानात टाकायचा, हद्दीवर पेटवायचा नाही, कित्येक वणवे जाळरेषा पेटवतानाच सुटतात. मेपर्यंत पानगळ चालू असते म्हणून महिन्यातून एकदा परत झाडा. रानमोडी वाळली की तेल ओतल्यासारखी पेटते, म्हणून जाळरेषेला लागून ती आधी काढायची.

आणि खालच्या शेतकऱ्यांशी बोला, भाजावळ (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळणं) कोण कधी करणार ते आधीच विचारा, त्या दिवशी तुम्ही पाण्याचे डबे आणि हिरव्या फांद्या घेऊन तिथे हजर राहा. भांडायला नाही, मदतीला. गवत चांगलं येतं म्हणून मुद्दाम पेटवणारे पण असतात. त्यांना दाखवा की जळालेल्या जागी दोन वर्षांनी गवत नाही, रानमोडीच आलीय. वणव्याच्या दिवसांत रानकोंबडी जमिनीवर अंड्यांवर बसलेली असते. आग दिसली की वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

उन्हाळ्यात प्राण्यांसाठी सिमेंटची टाकी बांधावी म्हणतो. किती मोठी?

आधी तुमच्या पऱ्याकडे बघा. डबकी राहतात का, कुठे? तीच जपा, पावसाळा संपता संपता माती भरलेल्या गोणींचा एखादा वनराई बंधारा घाला, तेवढ्याने पाणी महिना-दोन महिने जास्त टिकतं. झऱ्याच्या तोंडाला सिमेंट लावू नका, पऱ्यातले दगड "साफ" करू नका, आणि पाण्यावर ओणवलेल्या फांद्या तोडू नका. मलबार ग्लायडिंग फ्रॉग नावाचा हिरवागार बेडूक पावसाच्या सुरुवातीला अशाच पानांवर पांढऱ्या फेसाचं घरटं करतो, लांबून कोणी थुंकल्यासारखं दिसतं, आत अंडी असतात. काही दिवसांनी तो फेस विरघळतो आणि पिल्लं टपाटप खालच्या पाण्यात पडतात. फांदी तोडली की खाली पाणी असून उपयोग नाही.

पाणवठा करायचाच असेल तर बशीसारखा उथळ, कडा खडबडीत आणि उताराच्या, खोल टाकी नको, लहान प्राणी पडून मरतात. आठवड्याला धुवा. एकच मोठा करण्यापेक्षा दोन-तीन छोटे, आडोशाजवळ. पाणवठ्यावर शिकारी पण येऊन बसतात, त्यामुळे तिकडे तुमची नजर हवी. आणि जुनी विहीर उघडी असेल तर आधी तिला कठडा बांधा, पाणवठा नंतर.

आम्ही रानात दोन खोल्या बांधून होमस्टे करतोय. वाटेवर सोलर लाइट लावले तर चालतील ना?

कमीत कमी, पिवळसर, जमिनीकडे तोंड केलेले, आणि रात्री जेवणं झाली की बंद. मे-जूनमध्ये तर पूर्ण बंदच. काजव्यांचे नर लुकलुकून मादीला शोधतात, उजेडात ते एकमेकांना दिसतच नाहीत, मग अंडी नाहीत, पुढच्या वर्षी काजवे नाहीत. त्यांच्या अळ्या पातेऱ्यात गोगलगायी खाऊन वाढतात, म्हणून खोल्यांसमोरचं आवार पण रोज झाडून चकाचक करू नका. उंदरांचं विष ठेवू नका, विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबड मरतं. आणि कुत्रे रात्री मोकळे सोडू नका, ते भेकरांमागे लागतात आणि रोग पण पसरवतात.

कॅमेरा ट्रॅपमध्ये खवले मांजर आलं, वाघाटी (छोटं रानमांजर) आली, तर फोटो ठेवा, पण जागेचं नाव आणि लोकेशन टाकून पोस्ट करू नका, पाहुण्यांनाही करू देऊ नका. खवल्यांचा चोरटा व्यापार करणारे लोक तेच शोधत असतात.

माझ्या रानात दुर्मिळ प्राणी आहेत असं कळलं तर वनखातं जमीन ताब्यात घेईल असं सगळे सांगतात. म्हणून आम्ही कोणाला सांगतच नाही.

ही भीती कुठून आली ते मला समजतं. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने कोकणातल्या पुष्कळ लोकांची राने सरकारजमा झाली, त्याच्या नोंदी अजून सातबारावर आहेत आणि कोर्टात केसेस चालल्या. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसती जुनी नोटीस निघाली होती एवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही. त्यामुळे पहिलं काम, सातबारा आणि फेरफार काढून "इतर हक्क" मधली नोंद वाचा, काही असेल तर जाणकार वकिलाला दाखवा. पण तो प्रश्न जुन्या नोंदींचा आहे, प्राण्यांचा नाही. खवले मांजर दिसलं म्हणून कोणाची जमीन जात नाही. उलट या भीतीपोटी लोक झाडी तोडून जमीन "मोकळी" दाखवतात, त्यात रान जातं आणि हातात काहीच येत नाही.

ज्यांना स्वतःहून रान कायमचं राखायचंय त्यांच्यासाठी वन्यजीव कायद्यात कलम ३६ क आहे. एखाद्याने किंवा गावाने पुढे होऊन आपली जमीन दिली की सरकार तिला समुदाय राखीव म्हणून जाहीर करू शकतं. मालकी तुमचीच राहते, पण पुढे जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते, म्हणून भावंडांशी नीट बोलल्याशिवाय सही करू नका. तोवर निदान ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत आपल्या रानातली झाडं, पाणी, पक्षी यांची नोंद करून घ्या, ढोलीची नेमकी जागा न सांगता. उद्या रस्ता किंवा खाण आली तर लिहिलेलं काहीतरी असावं लागतं.

काल रानात भेकराचं पिल्लू एकटं बसलेलं सापडलं, घरी आणलंय, बाटलीने दूध पाजतोय. पुढे काय करू? (मेसेज कालच आला म्हणून आधी फोनवर उत्तर दिलं, इथे सगळ्यांसाठी.)

आत्ताच परत नेऊन ठेवा, जिथून उचललं अगदी तिथेच. भेकर पिल्लाला गवतात दडवून चरायला जातं आणि दूध पाजायला परत येतं, पिल्लू हलत नाही कारण त्याने हलायचंच नसतं. ते अनाथ नव्हतं. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हे खरं नाही. गाईचं दूध बंद करा, त्याने हगवण लागते. ठेवून लांब जा, कुत्रे बांधा, तिथे उभं राहून बघत बसू नका, तुम्ही असाल तोवर ती येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लांबूनच बघा. पिल्लू त्याच जागी मलूल पडलेलं असेल, ओरडत असेल किंवा जखम दिसत असेल तरच १९२६ ला फोन करा आणि ते येईपर्यंत अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवा, काही खायला न घालता. घरी पाळायचा विचार पण करू नका, कायद्याने ते चालत नाही आणि माणसाळलेलं भेकर परत रानात जगत नाही.